ट्रेकिंग पोलचे टोक : झीज आणि बदल

ट्रेकिंग पोलचे टोक : डोंगरवाटेवर तोल आणि आधार यांसाठी वापरायच्या काठीचा, म्हणजे ट्रेकिंग पोलचा, जमिनीला टेकणारा सर्वांत खालचा भाग. नळीवर बसणारी प्लास्टिकची निमुळती शेंबी, तिच्या तळाशी रोवलेला टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाचा दाणा आणि शेंबीच्या आट्यांवर फिरवून बसवायची चकती असा त्याचा संसार असतो. टोक मुळात झिजण्यासाठीच असते. नळी, मूठ आणि पट्टा यांचे आयुष्य वेगळे, टोकाचे वेगळे. तरीही टोक गेले की पोलच टाकून देणारे पुष्कळ आहेत, कारण हा भाग सुटा निघतो हेच बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

काठीच्या टोकाला लोखंड लावण्याची कल्पना जुनी आहे. आल्प्समधील मेंढपाळ आणि वाटाडे अल्पेनस्टॉक नावाची लांब लाकडी काठी वापरत. तिच्या टोकाला लोखंडी अणी असे. ८ ऑगस्ट १७८६ रोजी जाक बाल्मा आणि मिशेल-गाब्रिएल पाकार हे माँ ब्लाँच्या शिखरावर पहिल्यांदा पोहोचले ते अशाच काठ्यांच्या आधाराने. अणी बोथट झाली की लोहाराकडून ठोकून घेतली, काम झाले. आजच्या टोकाला ही सोय नाही, कारण त्याचा दाणा ठोकला की वाकत नाही, फुटतो.

हा दाणा एकसंध धातूचा नसतो. टंगस्टन कार्बाइडचे बारीक चूर्ण आणि थोडा कोबाल्ट एकत्र दाबून सुमारे १,४०० अंश सेल्सिअस तापमानाला भट्टीत ठेवतात. कोबाल्ट वितळून कणांच्या फटींत शिरतो आणि निवल्यावर सगळे धरून ठेवतो. विटा आणि चुना यांच्यासारखेच हे नाते आहे. बर्लिनमध्ये ऑसराम कंपनीत काम करणारे कार्ल श्रोटर यांनी १९२३ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. विजेच्या दिव्यातील टंगस्टनची तार ओढण्यासाठी हिऱ्याचे साचे लागत, त्यांना स्वस्त पर्याय हवा होता. पुढे क्रुप कंपनीने हा पदार्थ ‘विडिया’ या नावाने विकला. जर्मन भाषेत ‘हिऱ्यासारखा’ अशा अर्थाच्या शब्दांतून हे नाव घडवले आहे. तार ओढणाऱ्या साच्यापासून डोंगर चढणाऱ्या काठीपर्यंतचा हा प्रवास कोणी ठरवून केलेला नाही, पण गरज दोन्हीकडे एकच आहे : सतत घासले जाऊनही आकार टिकवणे.

खनिजांच्या कठिनतेच्या मोस श्रेणीवर टंगस्टन कार्बाइड ९ च्या आसपास येते. क्वॉर्ट्झ ७ वर आहे, फेल्स्पार ६ वर आणि चुनखडीतील कॅल्साइट ३ वर. मग नऊचा दाणा सातच्या खडकावर झिजतो कसा? त्याचे उत्तर कोबाल्टमध्ये आहे. क्वॉर्ट्झचे कण कार्बाइडला सहसा ओरखडू शकत नाहीत, पण दोन कणांमधला मऊ कोबाल्ट ते खरवडून काढतात. चुना निघून गेला की वीट सुटते, तसा कार्बाइडचा कण अख्खा निसटतो. दुसरी झीज आघाताची. कार्बाइड कठीण आहे तितकेच ठिसूळही आहे. दगडाच्या कडेवर तिरका ठोका बसला की दाण्याच्या धारेचा कपचा उडतो. म्हणून ग्रॅनाइट आणि वालुकाश्म या क्वॉर्ट्झने भरलेल्या खडकांवर दाणा लवकर जातो, चुनखडीवर सावकाश. डांबरी रस्त्यातील खडीही त्याला सोडत नाही. मऊ मातीच्या वाटेवर मात्र तो वर्षानुवर्षे टिकतो. स्वस्त पोलला कार्बाइडऐवजी साध्या पोलादाची अणी असते. ती खडकावर फारच लवकर गुळगुळीत होते.

एका पोलवर किती ठोके पडतात, याचा साधा हिशेब करता येतो. पाऊल सत्तर-पंचाहत्तर सेंटीमीटरचे धरले तर एक किलोमीटर म्हणजे साधारण १,४०० पावले. उजवा-डावा पोल आलटून पालटून टेकवला, तर प्रत्येक पोल किलोमीटरमागे सुमारे ७०० वेळा जमिनीवर पडतो. वीस किलोमीटरच्या दिवसात १४,०००. हजार किलोमीटरला सात लाख. टोक किती टिकेल हे केवळ किलोमीटरवरून सांगता येत नाही ते यामुळेच : हे सात लाख ठोके मातीवर पडले की दगडावर, अलगद पडले की उतारावर अंगाचा भार घेऊन पडले, यावर सगळे अवलंबून. अमेरिकेतील सुमारे ३,५०० किलोमीटरच्या ॲपलाचियन वाटेसारखी लांब वाट एका दमात चालणाऱ्याला वाटेत टोके बदलावी लागली, तर त्यात पोलचा दोष शोधण्यासारखे काही नाही.

झिजलेले टोक ओळखायला पोल उलटा करून उजेडात धरावा. नव्या दाण्याचा तळ वाटीसारखा खोलगट असतो आणि वाटीची कड धारदार, कधी दातेरी असते. गुळगुळीत कातळावर पकड देते ती ही कडच. सूक्ष्म खाचखळग्यांत ती रुतते. झीज सुरू झाली की आधी दाते जातात, मग वाटी उथळ होते, मग तळ सपाट आणि शेवटी फुगीर गोल होतो. बोटाने चाचपले तरी फरक कळतो : नवा दाणा नखाला खरखरतो, जुना गोटीसारखा लागतो. पुढची पायरी गंभीर आहे. दाणा भोवतालच्या प्लास्टिकच्या पातळीला आला की दगडाला आधी प्लास्टिकच टेकते. त्याचा आवाजही वेगळा येतो. कातळावर ‘टक्’ असा कोरडा आवाज देणारा पोल ‘ठप्’ असा दबका वाजू लागतो, आणि ओल्या दगडावर तो नेमका भार टाकल्याक्षणी सरकतो. ही वेळ येईपर्यंत थांबू नये. दाणा एखाद-दीड मिलीमीटर बाहेर उरला असतानाच टोक बदलणे शहाणपणाचे.

झीज बहुधा एकाच बाजूला जास्त होते. पोल उभा टेकत नाही, तिरका टेकतो, आणि मुठीला पुढची-मागची बाजू असल्यामुळे तो दर वेळी त्याच कोनात पडतो. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या पोलमध्ये सर्वांत खालची नळी अधूनमधून अर्धा वळसा फिरवून पुन्हा घट्ट केली, तर झीज दोन्हीकडे वाटली जाते. फुकटचा उपाय आहे आणि फार थोडे लोक करतात. नॉर्डिक वॉकिंगच्या, म्हणजे काठ्या मागे रेटत झपाझप चालण्याच्या व्यायामाच्या, पोलला मात्र तो लागू नाही. त्यांचे टोक मुद्दाम एका दिशेला वळलेले असते.

शेंबी प्लास्टिकची का, असा प्रश्न पडतो. वजन आणि किंमत ही कारणे आहेतच, पण तिच्याकडे आणखी एक काम आहे. पोल दगडांच्या फटीत अडकून माणूस पुढे गेला, तर काहीतरी वाकणार किंवा तुटणार हे नक्की. शेंबी थोडी वाकून धक्का सोसते, आणि अगदीच अनावर झाले तर नळीच्या आधी ती मोडते. विजेच्या फलकावरच्या फ्यूजसारखा हा बळीचा भाग आहे. तुटलेली शेंबी पाहून हळहळण्यापेक्षा नळी वाचली का ते आधी पाहावे. चकतीही यासाठी उपयोगी पडते : तिच्यामुळे पोल फटीत किंवा चिखलात खोल जात नाही. चकती काढून टाकणाऱ्यांची टोके जास्त मोडतात, यात नवल नाही.

शेंबी नळीवर दोन प्रकारे बसवलेली असते. काही पोलमध्ये टोकाचा खालचा तुकडा आट्यांचा असतो. पक्कड किंवा पाना लावून डावीकडे फिरवला की तो निघतो. बारीक रेती आट्यांत अडकून तो जाम झाला नसेल तर काम दोन मिनिटांचे. बहुसंख्य पोलमध्ये मात्र नळीचे टोक किंचित निमुळते असते आणि शेंबी त्यावर नुसती दाबून बसवलेली असते. डिंक नाही, खिळा नाही, फक्त घर्षण. चालताना प्रत्येक ठोक्यागणिक ती आणखी घट्ट होत जाते. वापरलेली शेंबी हाताने ओढून निघत नाही ती यामुळे.

ती काढण्याचा सोपा उपाय म्हणजे गरम पाणी. आधी खालची नळी पोलमधून पूर्ण बाहेर काढून घ्यावी, चकती उतरवावी आणि शेंबी उकळीच्या पाण्यात काही मिनिटे बुडवून ठेवावी. प्लास्टिक मऊ होतेच, शिवाय ते नळीपेक्षा जास्त प्रसरण पावते. नायलॉनसारखे प्लास्टिक ॲल्युमिनियमच्या तिप्पट-चौपट फुगते, आणि कार्बन फायबर लांबीच्या दिशेने जवळजवळ फुगतच नाही. मग शेंबी पकडीत आणि नळी रबरी हातमोज्यात धरून पीळ देत ओढायची. सरळ ओढण्यापेक्षा पीळ जास्त कामी येतो. पहिला ‘चर्र’ आवाज आला की अर्धी लढाई जिंकली. व्हाइस, म्हणजे वस्तू आवळून धरणारा शिकंजा, असेल तर त्याचे जबडे नळीवर आवळू नयेत. पोकळ नळी चिरडते, आणि कार्बनची असेल तर आतून तडकते व बाहेरून काही दिसतही नाही. जबडे नळीभोवती सैल ठेवून शेंबीची वरची कड त्यांच्याखाली अडकवावी आणि नळी वर ओढावी. ज्योत किंवा ब्लोटॉर्च कार्बनच्या नळीजवळ नेऊ नये. तंतूंना धरून ठेवणारे रेझिन त्याने खराब होते. ॲल्युमिनियमच्या नळीवर शेंबीखाली गंज धरला असेल तर गरम पाणीही हार खाते. अशा वेळी शेंबीला उभी चीर देऊन ती फोडून काढणे हा शेवटचा मार्ग, पण पात्याची धार नळीत उतरू देऊ नये.

नवी शेंबी घेताना मापात गफलत होते. खालच्या नळ्या साधारण १२ ते १४ मिलीमीटर व्यासाच्या असतात, पण टोकाचा निमुळतेपणा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. अर्ध्या मिलीमीटरच्या फरकानेही शेंबी एक तर अर्ध्यावर अडते किंवा चिखलात राहून जाते. जुनी शेंबी सोबत ठेवून, शक्य तर कॅलिपरने मोजून जोडी घ्यावी. जोडीच बदलावी. एका हाताला पकड आणि दुसऱ्या हाताला घसरण, हे दोन्ही टोके जुनी असण्यापेक्षा वाईट.

बसवताना नळीचे टोक पुसून कोरडे करावे आणि तेल अजिबात लावू नये. शेंबी पिळत हाताने जाईल तितकी चढवावी, मग लाकडाच्या ठोकळ्यावर पोल उभा धरून सात-आठ वेळा जोरात टेकवावा. हातोडीने दाण्यावर ठोकणे टाळावे, कपचा उडतो. पहिल्या काही तासांच्या चालीत शेंबी आपोआप आणखी बसते, त्यामुळे पहिल्या दिवशी ती दोन-तीनदा तपासून पाहिली तर बरे. सैल वाटली म्हणून थेट इपॉक्सी, म्हणजे कायमचा घट्ट बसणारा डिंक, भरण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने शेंबी हलत नाही हे खरे, पण पुढच्या वेळी ती निघतही नाही. चिकटवायचेच असेल तर तापवल्यावर वितळणारा डिंक वापरावा. क्रॉस-कंट्री स्कीच्या पोलची टोके अशाच डिंकाने बसवतात आणि तापवून काढतात.

कार्बाइडला पुन्हा धार लावता येते का? येते, पण साधी कानस त्यावर नुसती घसरते. हिऱ्याची कानस लागते. डांबरी रस्त्यावर चाकांच्या स्कीचा सराव करणारे खेळाडू आपली टोके तिने नियमित घासतात, कारण त्यांना दर ठोक्याला रस्त्यात रुतणारी अणी हवी असते. ट्रेकिंग पोलच्या वाटीसारख्या दाण्याला मूळ आकार देणे मात्र जमत नाही. घासताना उडणाऱ्या धुळीत कोबाल्ट असतो आणि तो फुप्फुसांना घातक आहे, म्हणून ओले करून आणि मास्क लावून घासावे.

टोक वाचवण्याचा खरा उपाय रबरी टोपी हा आहे. डांबरी रस्ता, फरसबंदी, कोरडा कातळ अशा ठिकाणी ती पकड देते आणि खणखणाटही थांबवते. तिचे आणखी एक काम वाटेच्या बाजूचे आहे. उघड्या दाण्याने खडकावर पांढरे ओरखडे उमटतात आणि वाटेच्या कडेची माती भोके पडून सुटी होते. पेरूमध्ये माचू पिच्चू आणि तिथवर जाणाऱ्या इंका वाटेवर रबरी टोपीशिवाय पोल नेऊ देत नाहीत. ओल्या चिखलात आणि बर्फावर मात्र टोपी काढावीच लागते. तिथे ती घसरते, नाहीतर चिखल तिला ओढून घेतो. चांगल्या टोपीच्या तळात पोलादाची छोटी चकती असते, दाण्याने रबर भोसकू नये म्हणून. टोपी उजेडात धरून आत पाहिले आणि तळातून उजेड आला, तर ती चकती गेली असे समजावे आणि नवी टोपी चढवावी.