इन्फ्रारेड दिव्यांनी स्पीडगन फसत नाही
गणपतीला कोकणात येणाऱ्या गाड्यांत हे हमखास ऐकू येतं: नंबरप्लेटभोवती इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे) एलईडी लावले की पोलिसांची वेग मोजणारी लेझर गन आंधळी होते. होत नाही. चिपळूणला एका पोराने अशी पट्टी मला हौसेने दाखवली; मोबाइलच्या कॅमेऱ्यात जांभळट चमकत होती. पण गन उजेड नव्हे, वेळ मोजते. साधारण ९०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या इन्फ्रारेड उजेडाचे अगदी क्षणिक झोत सोडते. ३०० मीटरवरच्या गाडीवर आपटून झोत २ मायक्रोसेकंदांत परततो; त्या वेळेवरून अंतर कळतं. असे कितीतरी झोत, दर झोताला बदलणारं अंतर, त्यावरून वेग. सतत जळणारा दिवा या हिशेबात येतच नाही, शिवाय गनमधली गाळणी इतर तरंगलांबींचा उजेड अडवते. “मग सीडी?” पोराने विचारलं. आरशाला टांगलेल्या सीडीनेही गन फसत नाही रे. झोत नंबरप्लेटवरून, हेडलाइटवरून परततोच.