पाट, नदी आणि मधलं धुळं

खान्देशातल्या शहरांच्या विकास आराखड्यांवर बोलणं निघालं की ते रस्त्यांची रुंदी आणि जमिनींची आरक्षणं यांवर येऊन थांबतं. पाण्याचा विषय मागे राहतो. या मुलखात वस्ती बसवताना मात्र पाण्याचा हिशेब आधी व्हायचा.

सुरुवात बऱ्हाणपूरपासून करावी लागते. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण जुन्या खान्देशची राजधानी तीच. १६१५ च्या सुमारास, मुघल सरदार अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्यातून तापीकडे झिरपणारं पाणी तिथे जमिनीखालच्या बोगद्यात घेतलं गेलं. त्यावर शंभराहून जास्त कुंड्या, म्हणजे विहिरीसारखे उभे खड्डे, खोदल्या आणि केवळ उताराच्या जोरावर ते शहरात आणलं. ना मोट, ना रहाट. या कुंडी भंडाऱ्यात उतरलं की भिंतींवर क्षाराची पांढरी पुटं आणि पायाशी वाहतं पाणी दिसतं.

धुळ्याच्या पांझरा नदीच्या खोऱ्यात दुसरी रीत रुजली, ती फड पद्धत. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड, म्हणजे शेतांचा गट. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी कमी असेल तर अख्खा फड पडीक ठेवायचा, कोणा एकाचं शेत नाही. पाळी सांभाळायला गावाने नेमलेला पाटकरी असे. तुटवडा सगळ्यांनी मिळून सोसायचा, ही यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

१८१९ मध्ये ब्रिटिश अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्जने जिल्ह्याचं ठाणं म्हणून धुळं निवडलं, तेव्हा तिथे ४०१ घरं आणि २,५०९ माणसं होती. बागायतीने वेढलेलं, एका बाजूला पाट आणि दुसऱ्या बाजूला नदी, असं ते गाव. ब्रिग्जने बिनभाड्याच्या जागा आणि घर बांधायला उचल देऊन व्यापारी वसवले. धुळ्यात आजही पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतात, इतकी गल्ल्यांची आखणी अंगवळणी पडली आहे. १८७२ च्या पुराने मात्र पांझरेने आपली हद्द दाखवून दिली. पुढे १८८४ मध्ये तरुण विश्वेश्वरय्या सरकारी नोकरीत आले, तेव्हा त्यांचं सुरुवातीचं कामही याच भागात, दातर्तीला पाटाचं पाणी सायफनने पलीकडे नेण्याचं होतं.

१९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने आराखडा, आरक्षण, मंजुरी ही घडी बसवली. तिची गरज होतीच. पण आखणीची सुरुवात भूखंडापासून होऊ लागली, आणि पाट-नाले नकाशावर दोन भूखंडांमधली रेघ होऊन बसले. आज खान्देशातल्या कित्येक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. पाणी येईल त्या दिवशी दारातले निळे ड्रम आधी भरायचे, बाकीची कामं नंतर.

राज्याच्या २०२० च्या बांधकामविषयक एकत्रित नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना पावसाचं पाणी जिरवण्याची अट आहे. जुन्या गल्ल्यांतली बहुतेक घरं त्याहून पुष्कळ लहान जागेवर उभी आहेत. त्यांच्या पन्हाळीचं पाणी अजून गटारातच जातं.