स्ट्रासबर्गचा नाच आणि बाजरीतला अरगट

१५१८च्या जुलै महिन्यात आजच्या फ्रान्समधील स्ट्रासबर्ग शहरात फ्राऊ ट्रोफेआ नावाची स्त्री भर रस्त्यात नाचू लागली आणि थांबेचना. आठवडाभरात तीसेक माणसांना तीच लागण झाली, आणि महिन्याभरात हा आकडा ४००पर्यंत गेल्याचे जुनी इतिवृत्ते सांगतात. वैद्यांनी रक्त तापल्याचे निदान केले. मग नगरसभेने धान्यबाजारात मंच उभारून, वादक आणि साथीला धडधाकट गडी भाड्याने लावून, नाचूनच दुखणे उतरेल या समजुतीने रुग्णांना मनसोक्त नाचू दिले. नाचणारे उलट वाढले, तेव्हा कुठे वाद्यांवर बंदी आली. रोज १५ जण मेल्याचे आज सर्रास छापले जाते, परंतु नगरसभेच्या तेव्हाच्या कागदपत्रांत मृत्यूंचा उल्लेखच नाही.

या प्रकाराचे खापर अनेकदा राय या धान्यावरील अरगट बुरशीवर फोडले जाते. सोलापूर जिल्ह्यात बाजरी पिकवणाऱ्याला या कुळातील बुरशी परकी नाही. पीक फुलोऱ्यात असताना हवा ढगाळ आणि दमट राहिली की कणसातून मधासारखा चिकट द्रव पाझरतो, आणि पुढे दाण्यांच्या जागी काळपट, कठीण गाठी धरतात. म्हणून पेरणीपूर्वी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे ओततात. हलक्या गाठी वर तरंगतात, त्या काढून टाकल्यावर तळाचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवतात. अशी दूषित बाजरी पोटात गेल्यास मळमळ, उलट्या आणि गुंगी येते. रायवरील बुरशीची विषे अधिक क्रूर असून ती रक्तवाहिन्या आवळतात, त्यामुळे बोटे काळी पडून झडतात. काहींना या विषांनी आकडीही येते. रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉफमन यांनी १९३८मध्ये एलएसडी हे भास घडवणारे द्रव्य बनवले तेही अरगटमधील द्रव्यांवर काम करताना, त्यामुळे भ्रमिष्टांच्या नाचाची ही कथा चटकन पटते. मला ती पटत नाही, कारण ज्याच्या हातापायांना धड रक्त पोचत नाही तो दिवसचे दिवस नाचणार कसा?

इतिहासकार जॉन वॉलर यांचा तर्क निराळा आहे. नापिकी, महागाई आणि रोगराईने लोक खचले होते, आणि संत व्हिटस कोपला की माणसाला नाचायला लावतो, अशी त्या भागात पक्की श्रद्धा होती. संबळाच्या ठेक्यावर अंगात आलेली माणसे तुळजापूरच्या वाटेवर पाहिलेल्या सोलापूरकराला हे नवे वाटणार नाही: तंद्रीत शरीर काय करील हे बव्हंशी त्या समाजाच्या समजुती ठरवतात आणि भोवतीची गर्दी व वाद्ये तिला खतपाणी घालतात. शेवटी नाचणाऱ्यांना साव्हेर्न गावाजवळच्या व्हिटसच्या देवस्थानी नेले, लाल जोडे घालून मूर्तीभोवती फिरवले, आणि साथ ओसरली. श्रद्धेतून आलेले दुखणे श्रद्धेनेच उतरले, हे वॉलर यांच्या बाजूचे मला सर्वांत भक्कम प्रमाण वाटते. पुढच्या काही वर्षांत धर्मसुधारणेमुळे स्ट्रासबर्गमधील संतपूजा संपली, आणि १७व्या शतकानंतर अशा साथी युरोपातूनच नाहीशा झाल्या. तरीही उपासमार आणि श्रद्धा साऱ्या शहराच्या वाट्याला सारखीच असताना सुरुवात त्या एकाच स्त्रीपासून का झाली, हे या तर्कानेही उलगडत नाही.