सरकारी शाळा आणि अनुदानित शाळा: धर्माच्या तासाचा नियम एकच नाही

‘पगार सरकार देतं, म्हणजे शाळा सरकारीच, तिथे धर्म शिकवताच कसा?’ असं एक पालक विचारतो. ‘संस्था आमची, नियम आमचे,’ असं संस्थाचालक ऐकवतात. दोघंही चुकतात, आणि त्रास होतो तो मुलाला.

जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची शाळा सगळ्यांच्या ओळखीची आहे. सगळा खर्च सरकारी, म्हणून संविधानाच्या कलम २८(१) नुसार तिथे धर्मशिक्षण नाही. गावाने एकमुखाने मागितलं तरी नाही. इतिहासात बुद्ध किंवा तुकोबा शिकवणं हे मात्र धर्मशिक्षण नव्हे. धर्मांची माहिती देणं वेगळं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात मान्य केलं आहे.

घोळ होतो तो अनुदानित शाळेत. शिक्षकांचा पगार सरकारकडून येतो, पण शाळा खासगी संस्थेची. ती पूर्णपणे सरकारी पैशावर चालत नाही, म्हणून २८(१) ची बंदी तिला नाही. आरती, मिस्सा, दुआ ठेवता येते. संस्थाचालकांना एवढं पाठ असतं. त्याच कलमाचा तिसरा खंड कुणी वाचत नाही: अल्पवयीन मुलाच्या पालकाने संमती दिली नसेल, तर त्या मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. इंग्लंडच्या सरकारी शाळांत मूल सामूहिक प्रार्थनेत धरलेलंच असतं, नको असेल तर पालकाने अर्ज करून बाहेर काढायचं. आपल्याकडे उलट आहे, होकार आधी हवा. ‘कुणी हरकत घेतली नाही’ म्हणजे होकार नव्हे. प्रवेश अर्जाच्या तळाशी ‘शाळेचे सर्व नियम मान्य’ एवढ्यावर घेतलेली सही मी तरी संमती मानत नाही. वेगळा रकाना हवा, आणि त्यात ‘नाही’ लिहिणाऱ्याच्या मुलाला परिपाठाच्या वेळी व्हरांड्यात एकटं उभं करू नये. त्याला ग्रंथालयात पुस्तक द्या.

हा खंड सरकारमान्य विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे, आणि त्यात अल्पसंख्याक संस्थांना सूट दिलेली नाही. कलम ३० त्यांना शाळा स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. दुसऱ्याच्या मुलाकडून उपासना करून घेण्याचा नाही.