उंदरांच्या गाठी आणि आपला तेलाचा डबा

सोयाबीनच्या तेलाने बायकांना स्तनाचा कॅन्सर होतो आणि घाण्यावरचं जवसाचं तेल प्यायलं की गाठ विरघळते, असा मजकूर सध्या यवतमाळकडच्या गावांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतो आहे. खाली ‘उंदरांवर सिद्ध झालंय’ अशी ओळ. उंदरांवरचे प्रयोग खरे आहेत. त्यांतून निघालं ते मात्र वेगळं, आणि त्याहून कितीतरी रंजक.

1942 मध्ये शिकागोच्या अल्बर्ट टॅनेनबॉम यांना आढळलं, की जास्त चरबीचं खाद्य दिलेल्या उंदरिणींना स्तनाच्या गाठी अधिक होतात. पुढे कॅनडात केनेथ कॅरोल यांनी हा धागा पकडला. पद्धत अशी: पांढऱ्या उंदरांच्या माद्या पन्नासेक दिवसांच्या झाल्या की डीएमबीए हे कॅन्सरकारक रसायन एकदाच पोटात द्यायचं. मग खाद्य बदलायचं आणि ठराविक दिवसांनी एकेक मादी हातात धरून गळ्यापासून जांघेपर्यंतच्या बारा स्तनग्रंथी बोटांनी चाचपायच्या. रसायनानंतर तेलकट खाद्य दिलं तर गाठी वाढल्या. फक्त रसायनाआधी दिलं तर फरक पडला नाही. म्हणजे डीएनए बिघडवलं ते रसायनाने, तेलाने त्या बिघडलेल्या पेशींना वाढायला हात दिला.

तेल कोणतं, यालाही महत्त्व होतं. 20 टक्के सूर्यफूल तेलाने गाठी वाढल्या, नुसत्या खोबरेल तेलाने तेवढ्या नाहीत. पण 17 टक्के खोबरेलात फक्त 3 टक्के सूर्यफूल तेल मिसळलं, तर गाठी जवळपास 20 टक्के सूर्यफूल तेलाइतक्याच झाल्या! गाठी वाढायला एकूण चरबी भरपूर लागते आणि त्यात थोडं लिनोलिक आम्ल हे मेदाम्लही लागतं, असा त्याचा अर्थ. हे आम्ल करडई, सरकी, सोयाबीन या आपल्या तेलांतही भरपूर असतं. शरीर त्यापासून अ‍ॅराकिडोनिक आम्ल बनवतं आणि सायक्लोऑक्सिजनेज हे विकर (एन्झाइम) त्याचं प्रोस्टाग्लँडिन ई2 करतं. हा रेणू अ‍ॅरोमाटेज या दुसऱ्या विकराला चालना देतो, अ‍ॅरोमाटेज इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तयार करतं आणि इस्ट्रोजेनवर स्तनाच्या कितीतरी गाठी पोसतात. जवसातलं अल्फा-लिनोलेनिक आम्लही याच साखळीतली विकरं वापरतं. एकाच गिरणीवर दोघांचं दळण आलं, की पहिल्याचं पीठ कमी पडतं, तसं इथे होतं. जवस खाल्लेल्या उंदरांत गाठी कमी झाल्याचं टोरांटोत दिसलं आहे. त्यात जवसातल्या लिग्नान द्रव्यांचाही वाटा आहे.

म्हणून जवसाची चटणी भाकरीसोबत जरूर खावी. पण हाताला गाठ लागली असताना कुणी तेलाची बाटली, काढा किंवा अंगारा देत असेल, तर तो त्या बाईचा जीव धोक्यात घालतो आहे. तिला त्याच आठवड्यात सेवाग्रामला किंवा नागपूरला तपासणीसाठी न्यायला हवं.

माणसांचं काय? अमेरिकेत पाळी थांबलेल्या 48,835 स्त्रियांच्या चाचणीचा निकाल 2006 मध्ये आला. आहारातली चरबी कमी करणाऱ्या गटात सुमारे आठ वर्षांत स्तनाचा कॅन्सर 9 टक्के कमी दिसला, पण हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका लहान होता. उंदरांत मात्र एक गोष्ट ठसठशीत दिसली होती: चरबी जास्त ठेवूनही एकूण कॅलरी 40 टक्के कमी केल्या, तर गाठी फारच कमी झाल्या. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन मुख्यतः अंगावरच्या चरबीत बनतं, तेही अ‍ॅरोमाटेजकडूनच. त्यामुळे त्या वयात डब्यात कोणतं तेल आहे यापेक्षा वजन किती वाढलं, हे आधी बघायला हवं.