गुपितांचा हिशेब, उघडी फाइल

‘३६६६३ ३६९१९’. फाइलीची पहिली ओळ एवढीच. तिच्याखाली ‘२ १२८ १२८’, मग ‘१ १२८’, आणि पुढे एकाच साच्यातल्या छत्तीस हजारांहून जास्त ओळी. हे एईएस-१२८ या कूटलेखन पद्धतीचं सर्किट: ३६६६३ गेट (बिटांवरची एकेक छोटी क्रिया), ३६९१९ तारा (एकेक बिट वाहणाऱ्या), १२८ बिटांची दोन इनपुट (एकाची चावी, दुसऱ्याचा मजकूर) आणि १२८ बिटांचं एक उत्तर.

फाइलीत लपवण्यासारखं काहीच नाही. गुपितं असतात ती हिशेबाला बसलेल्यांकडे. आपली संपत्ती न सांगता दोघांपैकी श्रीमंत कोण, हे ठरवायचं कसं? अँड्र्यू याओ यांनी १९८२ मध्ये घातलेल्या या कोड्यातून मल्टिपार्टी कॉम्प्युटेशन, म्हणजे आपापली गुपितं न दाखवता अनेकांनी मिळून केलेला हिशेब, उभं राहिलं. यात नेहमीच्या प्रोग्रामची अडचण होते. ‘जर-तर’मधली कोणती वाट धरली, लूप किती वेळा फिरलं, एवढ्यावरूनही माहिती फुटते. म्हणून बऱ्याच पद्धतींत अख्खा हिशेब आधीच अँड (दोन्ही बिट १ असतील तरच १), एक्सऑर (दोन बिट वेगळे असतील तर १) अशा गेटांत उलगडून ठेवतात. इनपुट काहीही असो, गेट तेच आणि तेवढेच.

असे हिशेब करणाऱ्या २००४ च्या फेअरप्ले प्रणालीची सर्किट लिहायची स्वतःची भाषा होती. पुढे ब्रिस्टल विद्यापीठातून एक अगदी साधा साचा आला आणि तोच रुळला. त्याची सुधारित आवृत्ती ‘ब्रिस्टल फॅशन’. ‘२ १ ० ६४ १२८ एक्सऑर’ अशी ओळ असेल तर दोन तारा आत, एक बाहेर. ० आणि ६४ क्रमांकांच्या तारांवरचे बिट घ्यायचे, उत्तर १२८ वर ठेवायचं. ओळी वरून खाली वाचत गेलं की लागणारी तार आधीच तयार असते. हा साचा वाचणारा कोड एका बैठकीत लिहून होतो. माझ्या मते तो रुळण्याचं खरं कारण हेच.

फाइल सामायिक असली की दोन पद्धतींची तुलनाही सरळ होते. गार्बल्ड सर्किटमध्ये, म्हणजे एकाने सर्किट कूटबद्ध करून दुसऱ्याकडे चालवायला द्यायच्या पद्धतीत, २००८ पासून एक्सऑर जवळपास फुकट आहे, त्यासाठी समोरच्याला काहीच पाठवावं लागत नाही. अँडला मात्र २०१५ च्या ‘हाफ गेट्स’ युक्तीतही ३२ बाइट पडतात. एईएसच्या जुन्या फाइलीत ६८०० अँड होते, नव्या फाइलीत ६४००. त्यापायी एक्सऑर २५१२४ वरून २८१७६ वर गेले. एकूण गेट वाढले, तरी पाठवायचा डेटा कमी झाला. ६४ बिटांच्या बेरजेत तर अँड फक्त ६३: दर बिटामागे हातच्यासाठी एक, आणि शेवटच्या बिटाचा हातचा कोणाला नकोच असतो.

या साधेपणाला एक खोच आहे. कोणत्या तारेवर पहिला बिट आणि कोणत्या तारेवर शेवटचा, हे फाइल सांगत नाही. क्रम उलटा लागला तरी सर्किट कुरकुरत नाही. एकही एरर न देता चुकीचं उत्तर काढून देतं. म्हणून सर्किट जोडल्यावर आधी, ज्याचं उत्तर माहीत आहे असं इनपुट देऊन पाहतात.

शिवाय ‘हेच पुन्हा दहा वेळा कर’ असं या साच्यात म्हणता येत नाही. एईएसच्या दहाही फेऱ्या एकेक गेट करून लिहाव्या लागतात. मजकुराचा ठसा काढणाऱ्या एसएचए-२५६ या हॅश पद्धतीच्या फाइलीत १,३५,०७३ गेट आहेत, आणि तेही ५१२ बिटांच्या एकाच ब्लॉकसाठी.