बिडाचा तवा आणि रस्त्याखालचा पाइप

‘रस्ता न खोदता जुनी जलवाहिनी बदलणार’ अशी बातमी आली, की आमच्या गिरगावातल्या चाळीत एक प्रश्न हमखास निघतो : मग जुना पाइप बाहेर काढतात कुठून? तो काढतच नाहीत, हे उत्तर शेजारच्या काकांना मुळीच पटले नाही. जुना पाइप जागच्या जागी फोडतात, त्याचे तुकडे भोवतालच्या मातीत दाबतात आणि त्याच वाटेने नवा पाइप ओढून घेतात.

मुंबईत विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये आणि तानसा तलावाचे १८९२ मध्ये आले. त्या काळातल्या वाहिन्या बहुधा बिडाच्या असत. बीड दीर्घायुषी असले तरी आतून गंजाच्या गाठी धरते. १५० मिलिमीटर व्यासाच्या पाइपात १०० मिलिमीटरच मोकळी जागा उरली, तर तेवढ्याच दाबाला मूळच्या जेमतेम एक तृतीयांश पाणी वाहते, कारण प्रवाह व्यासाच्या साधारण अडीचाव्या घाताने बदलतो.

आता मूळ गंमत. बिडाच्या तव्यावर कितीही जड पातेले ठेवा, त्याला काही होत नाही. पण तोच तवा हातातून लादीवर निसटला, तर त्याचे दोन तुकडे होतात. बिडातल्या कार्बनचा बराचसा भाग ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात असतो आणि असा प्रत्येक पापुद्रा म्हणजे धातूच्या पोटातली तयार भेगच. दाबले तर भेग मिटते, ताणले तर तिच्या टोकाशी ताण एकवटून ती पुढे धावते. म्हणूनच बीड दाबाला जितके सोसते, त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकाच ताण त्याला सोसवतो.

नेमका हाच कच्चा दुवा हेरून पाइपापेक्षा रुंद असा पोलादी शंकू जुन्या वाहिनीतून खेचतात. एका खड्ड्यातले हायड्रॉलिक यंत्र सळ्यांच्या साखळीने ओढते. शंकूचा उतार त्या ओढीचे रूपांतर बाहेरच्या रेट्यात करतो आणि पाइपाचा घेर ताणला जातो. आतली त्रिज्या ७५ मिलिमीटर आणि भिंत १० मिलिमीटर जाड असेल, तर भिंतीतला ताण आतल्या दाबाच्या साडेसात पट होतो. बीड तडकते. पोलाद असे तडकत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी कापणारी चाके लागतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये गॅसच्या जुन्या वाहिन्यांसाठी ही पद्धत आकाराला आली.

शंकूच्या शेपटाला निळ्या पट्ट्यांचा काळा पॉलिथिनचा पाइप जोडलेला असतो. तुकडे मुरमात सहज दबतात. मात्र काळ्या कातळात खोदलेल्या अरुंद चरात त्यांना सरकायला जागाच नसते, मग रस्ता वर फुगतो किंवा शेजारची गॅसवाहिनी चेपते. त्यामुळे आधी रडारने जमिनीखालचा नकाशा काढावा लागतो. तांब्याच्या काड्या फिरवणाऱ्या पाणाड्याला बोलावणे हा त्याला पर्याय नव्हे. काटेकोर चाचण्यांत या काड्या नाणेफेकीहून सरस ठरलेल्या नाहीत.

शिवाय ‘न खोदता’ हा शब्दही थोडा फसवाच आहे. दोन टोकांना खड्डे लागतात आणि प्रत्येक इमारतीच्या नळजोडणीपाशी आणखी एकेक. ओढताना लांबलेला पॉलिथिनचा पाइप हळूहळू आखडतो, म्हणून त्याला रात्रभर मोकळा ठेवून मगच त्याची टोके आणि नळजोडण्या जोडतात. तोवर गल्लीला पाणी रस्त्याच्या कडेने टाकलेल्या तात्पुरत्या नळीतून मिळते.